टार्गेटचा नवस

आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, ते कुठल्या पंचांगात सांगितले आहे म्हणून होत नाही. १८६७ साली इंग्रज सरकारने स्वतःच्या हिशेबाच्या सोयीसाठी वर्षारंभ १ मेवरून १ एप्रिलवर आणला आणि पुढे आपण तो तसाच चालू ठेवला. त्या तारखेत शुभ काही नाही आणि अशुभही काही नाही. पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काय किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत काय, वर्षाचे उद्दिष्ट जाहीर करायचे ठरले की पहिला फोन गुरुजींना जातो. अमावास्या टाळली जाते, पाडवा साधला जातो. यंत्रांना हार पडतात, सर्व्हरला कुंकू लागते, शटरवर ताजे लिंबू-मिरची चढते. आरती आटोपली की मालक उभे राहतात आणि आकडा सांगतात: गेल्या वर्षी एवढे कोटी झाले, यंदा त्यावर पंचवीस टक्के. टाळ्या होतात, पेढे वाटले जातात. जुलै उजाडेपर्यंत तो आकडा कोणाला आठवत नाही, आणि मार्च उजाडतो तेव्हा तो कोणी आठवून देऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

पाडवा, १ एप्रिल आणि दिवाळीतले वहीपूजन असे आपल्या धंद्याला वर्षाचे तीन आरंभ आहेत. आढाव्यासाठी मात्र एकही दिवस ठरलेला नाही. याला नियोजन म्हणणे ही आत्मवंचना आहे. हा सरळसरळ नवस आहे. मागायचे आपण, द्यायचे वरच्याने, आणि नाही मिळाले तर बोल प्रारब्धाला. मागणे आणि मिळणे यांच्या मधल्या बारा महिन्यांत कोणी काय करायचे, याचा नवसात उल्लेख नसतो.

इथे पहिला आक्षेप येईल तो असा: पूजेने तुमचे काय बिघडले? माणसे एकत्र येतात, चार घटका प्रसन्न जातात. मान्य. श्रद्धा बाळगण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा शटरवरच्या लिंबाला हात लावत नाही, लावूही नये. माझे भांडण पूजेशी नाही. पूजेनंतर जे व्हायला हवे ते होत नाही, आणि ते होत नाही याची टोचणी पूजा झाल्यामुळे लागत नाही, याच्याशी आहे. उत्पादन घसरले की साडेसाती निघते. ऑर्डर हातची गेली की वास्तुतज्ज्ञ येतो, मालकांची केबिन नैर्ऋत्येला सरकते, एक दार बुजते आणि दुसरे फुटते. दार कोणत्या दिशेला असावे हे त्याने सांगितले. आग लागली तर त्या दारातून किती माणसांना बाहेर पडता येईल, हे त्याला कोणी विचारले का? त्याची फी विनातक्रार दिली जाते आणि कंप्रेसरच्या सर्व्हिसिंगचा खर्च पुढच्या तिमाहीवर ढकलला जातो.

आणखी एक गोष्ट सभ्यपणे कोणी बोलत नाही, ती बोलली पाहिजे. त्याच कारखान्यात मुंब्र्याहून येणारा मुसलमान वेल्डर असतो, कल्याणचा बौद्ध फिटर असतो, उल्हासनगरचा ख्रिस्ती स्टोअरकीपर असतो. उद्दिष्ट ‘आपल्या सगळ्यांचे’ आहे असे म्हणायचे आणि ते जाहीर करायला असा प्रसंग निवडायचा की ज्यात यांनी हात जोडून मागे उभे राहावे! पूजा खुशाल करा. उद्दिष्टाची बैठक वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, सगळ्यांना सारख्या खुर्च्या मांडून घ्या.

इंग्रजी शिकलेल्यांनी यावर हसू नये. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत म्हणून वागळे इस्टेट उभी राहिली. आज तिथे रोड नंबर १६ किंवा २२ वरून चालत गेलात तर जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती दिसतात. त्यांतल्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक मेळाव्याला जा. गुरुजींच्या जागी प्रेरणादायी वक्ता असतो, मंत्रांच्या जागी इंग्रजी आद्याक्षरांची माळ असते, तीर्थाच्या जागी कोल्ड कॉफी. बाकी विधी तोच. पडद्यावर एक बाण चढत जातो. सभागृहातल्या कोणालाही विचारा, पंचवीस टक्के हा आकडा आला कुठून? बाजारपेठेच्या अभ्यासातून? यंत्रांच्या क्षमतेतून? बहुधा तो मालकांच्या मनातून आलेला असतो, आणि मनात तो शेजारच्या गाळ्यातल्या मालकाशी झालेल्या बोलण्यातून आलेला असतो. ग्रहांवर विसंबणारा निदान ग्रह आकाशात आहेत एवढे तरी दाखवू शकतो.

आता हा आकडा कारखान्याच्या जमिनीवर उतरतो तेव्हा काय होते ते जवळून पाहू. सुटे भाग बनवणारे एखादे मशीन शॉप घ्या: चार सीएनसी, दोन लेथ, एक ग्राइंडर, तीसेक माणसे. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर निळ्या मार्करने ‘या महिन्याचे टार्गेट’ लिहिलेले असते. महिन्याचे नाव बदलते, आकडा पुसायची तसदी कोणी घेत नाही. फळ्याखाली लाल पेटी, तिच्यात रिजेक्ट झालेला माल. सुपरवायझरला विचाराल तर तो म्हणेल, ऑपरेटर लक्ष देत नाही. ऑपरेटरला विचारलेत, आणि त्याला खरे बोलायची भीती वाटली नाही, तर तो सांगेल की तीन नंबरच्या मशीनचा कूलंट पंप मार्चपासून धरसोड करतो आहे, मापाचा गेज कॅलिब्रेशनला पाठवलेला नाही, आणि ग्राहकाने बदललेले ड्रॉइंग शॉपवर पोचले तेव्हा दोनशे नग जुन्या मापाने कापून झाले होते. या तीन वाक्यांत पंचवीस टक्क्यांचा निम्मा जबाब आहे. पण एप्रिलच्या सभेत हा माणूस शेवटच्या रांगेत पेढा हातात घेऊन उभा होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

ज्याला विचारले नाही, त्याच्यावर लादलेला आकडा माणसाला दोनच वाटा ठेवतो: हरणे किंवा खोटे बोलणे. बहुतेक जण, पोटाला चिमटा बसू नये म्हणून, दुसरी वाट धरतात. २०१६ साली जनधन खात्यांबाबत वृत्तपत्रांनी उघडकीला आणलेली गोष्ट आठवा. शून्य शिलकीची खाती कमी दिसावीत म्हणून काही शाखांत कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया भरला होता. आकडा सुधारला, गरिबाचे काहीच सुधारले नाही. त्याच वर्षी अमेरिकेत वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. वरून आलेला खात्यांचा कोटा भरण्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती. सुमारे ५,३०० जणांची नोकरी गेली. कोटा ठरवणारे बहुतेक जण मात्र बराच काळ खुर्चीत राहिले. १९५० साली जपानी उद्योगपतींना गुणवत्तेचे शास्त्र शिकवणारे एडवर्ड्स डेमिंग पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिले की भिंतीवरच्या घोषणा आणि कामगारांवरचे आकडेवारीचे कोटे काढून टाका, कारण बहुतेक दोष माणसात नसून व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार वरिष्ठांकडे असतो. जपान्यांनी ऐकले. आपण त्यांच्या कारखान्यांना भेटी देऊन आलो आणि भिंतींवर नव्या घोषणा लावल्या.

संघाने मिळून उद्दिष्ट ठरवावे आणि ते तडीस न्यावे ही काही परदेशातून आणायची कल्पना नाही. ठाणेकरांना तर मुळीच नाही, कारण नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यातच जन्मले. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केले, १८८० पासून ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवले, आणि १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आजच्या कुठल्याही व्यवस्थापन-तज्ज्ञाने ते निवेदन पुढ्यात घेऊन वाचावे. ‘कामगारांचे कल्याण व्हावे’ असले धूसर वाक्य त्यात मागणी म्हणून नाही. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची सोय. घड्याळाने, तारखेने आणि रुपयाने मोजता येईल अशी प्रत्येक ओळ आहे. मिळाले की नाही, यावर वाद घालायला जागाच ठेवलेली नाही.

आणि मग पाठपुरावा. पहिल्या निवेदनाने काही हाती लागले नाही. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज झाला. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगार बोलल्या, ही गोष्ट त्या काळात किती अवघड होती ते सांगायला नको. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पहिल्या सभेपासून जवळजवळ सहा वर्षे. एकच मागणी, तेच शब्द, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी ज्यांची मागणी त्यांच्यासमोर उभे राहून. रविवार हा खंडोबाचा वार आहे, म्हणून तो मोकळा हवा, असाही युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगतात. केला असेल तर त्यांची चतुराई मला आवडते. देवाचे नाव त्यांनी मागणी पुढे रेटायला वापरले. आपण ते प्रश्न टाळायला वापरतो.

या कहाणीची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोखंड्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, अशी नोंद १८९२ च्या सरकारी अहवालात आहे. ती खोटी नसावी. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे संघटना उभी राहिली नाही. त्यांच्या चारित्र्यात खोट नव्हती. एका माणसाच्या चिकाटीवर उभा राहिलेला पाठपुरावा त्या माणसाबरोबर संपतो, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडच्या शेकडो लघुउद्योगांची आज हीच स्थिती आहे. साहेब आजारी पडले की आढावा बंद. मॅनेजर नोकरी सोडून तळोज्याला गेला की वर्षाची योजना त्याच्या लॅपटॉपबरोबर गेली.

म्हणून लेखी कागद, ठरलेला दिवस आणि नियम हवेत, आणि ते हवेत असे आपल्या कायद्यालाही वाटत आले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कार्यसमिती नेमायला लावण्याचा अधिकार सरकारला होता. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. १९७६ साली घटनेत ४३-अ हे कलम घालून उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरले. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती बंधनकारक झाली: निम्मे कामगार, निम्मे व्यवस्थापन. हे जुने कायदे आता नव्या श्रम संहितांमध्ये सामावले गेले असले तरी या समित्यांची तरतूद पुसली गेलेली नाही. तुमच्या ओळखीच्या कारखान्यात अशी समिती आहे का? असेल तर तिच्या इतिवृत्तावरच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने झालेल्या नाहीत ना?

हा प्रश्न मी डोंबिवलीकरांना मुद्दाम विचारतो. १९६४ पासूनची ही औद्योगिक वसाहत. २६ मे २०१६ रोजी तिथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, १२ माणसे गेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. मध्यंतरी, २०२० मध्ये, रसायनांनी एक रस्ता गुलाबी झाला आणि त्याचे फोटो देशभर छापून आले. पुन्हा घोषणा. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे मेली, आणि कारखाने हलवण्याची तीच घोषणा तिसऱ्यांदा ऐकू आली. उद्दिष्ट होते. ते कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या पैशाने पार पाडायचे आणि दर महिन्याला कोणाला जाब द्यायचा, हे नव्हते. सरकारने केलेला नवस आणि शेठजींनी केलेला नवस यांत फरक फक्त मांडवाच्या आकाराचा आहे.

कारखान्याच्या आतही तेच. वार्षिक उद्दिष्टाच्या तक्त्यात टनेज असते, उलाढाल असते, निर्यात असते. व्हॉल्व्ह, रिअॅक्टरचे तापमान आणि अपघात होता होता टळल्याच्या नोंदी त्यात नसतात. फार तर फाटकावर एक फळा असतो: ‘शेवटच्या अपघातापासून … दिवस’. हा फळा प्रामाणिक हेतूने लावला जातो आणि बघता बघता अप्रामाणिक होतो. दिवसांची संख्या वाढत राहावी म्हणून बोट कापलेल्याला खासगी दवाखान्यात नेऊन टाके घालून आणतात आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून हजेरी लावतात. ‘शून्य अपघात’ हे उद्दिष्ट ऐकायला थोर वाटते. प्रत्यक्षात ते अपघात लपवायची सक्ती करते. त्याऐवजी, टळलेल्या अपघातांच्या नोंदी यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आल्या पाहिजेत आणि प्रत्येक नोंदीवर पंधरा दिवसांत काय केले ते फळ्यावर लिहिले पाहिजे, असे ठरवून पाहा. पहिल्या तीन महिन्यांत आकडा भयंकर दिसेल. तो दिसू देण्याची हिंमत म्हणजेच व्यवस्थापन.

मालकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘कामगारांना धंद्यातले काय कळते?’ बँकेच्या सीसी मर्यादेचे त्यांना कळत नसेल. पण तीन नंबरच्या मशीनचे त्यांना कळते आणि तुम्हाला कळत नाही. शिवाय, ज्या माणसाला डोंबिवलीच्या फ्लॅटचा वीस वर्षांचा हप्ता, मुलीची फी आणि गावाकडच्या आईचे औषध एका पगारात बसवता येते, त्याला अंदाजपत्रक समजत नाही असे म्हणायला धार्ष्ट्य लागते.

‘आकडे उघड केले तर पगारवाढ मागतील.’ मागतील. मागावीच. वाढलेल्या नफ्यातला वाटा कोणत्या प्रमाणात मिळेल हे एप्रिलमध्येच लिहून दिले तर मार्चमध्ये भांडण होणार नाही. एरवी ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य रविवारी ओव्हरटाइमला बोलावताना ऐकू येते आणि इन्क्रिमेंटच्या महिन्यात घशात अडकते. कुटुंबात हिशेब विचारायचा नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा शब्द वापरणे बंद करावे. नोकरी हा दोन सज्ञान नागरिकांमधला करार आहे आणि करारात दोन्ही बाजूंना कागद दिसतो.

‘आमच्या हातात काय आहे? मोठी कंपनी नव्वद दिवस पैसे अडकवते, आम्ही कसले नियोजन करणार?’ हा आक्षेप खरा आहे आणि मला त्याबद्दल सहानुभूती आहे. पण २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याने फास आणखी आवळला आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा करता येत नाही. किती लघुउद्योजकांनी ही वसुली वर्षाच्या उद्दिष्टात लिहिली? कोणाच्या नावावर? रोज फोन करून ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे उत्तर ऐकणारी हिशेबनीस मुलगी, कोणता ग्राहक खरोखर अडचणीत आहे आणि कोणता बनवतो आहे, हे अचूक सांगू शकते. तिलाही सभेत कोणी विचारलेले नसते.

लोकलने येणाऱ्यालाही कोणी विचारलेले नसते. ‘वक्तशीरपणा शंभर टक्के’ हे उद्दिष्ट जो मोटारीने येतो तो ठरवतो आणि जो कल्याणला फलाटावर तिसरी लोकल सोडून देतो त्याच्या नावावर लेट मार्क लागतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. कार्यालयांनी वेळा पुढे-मागे कराव्यात, अशी विनंती मध्य रेल्वे करत आली आहे. सोमवारची नऊची आढावा बैठक साडेदहाला नेली तर कंपनीचे काय नुकसान होते, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. माणसाचा जीव ज्या वेळापत्रकात बसत नाही ते वेळापत्रक कितीही कार्यक्षम असले तरी रानटी आहे.

आता मालकांना सोडून नोकरदार वाचकांकडे वळतो, कारण दांभिकता ही काही भांडवलदारांची मक्तेदारी नाही. सभेत ‘काही शंका?’ विचारल्यावर मान खाली घालायची आणि चहाच्या टपरीवर ‘हे कधी होणार नाही हे मला तेव्हाच माहीत होते’ म्हणायचे, ही आपली आवडती शूरता. माहीत होते तर बोलला का नाहीत? नोकरी जाईल ही भीती कंत्राटी कामगाराच्या बाबतीत खरी असते, तिला मी हसणार नाही. पण पंधरा-वीस वर्षे एका जागी असलेला, घराचे हप्ते फिटलेला, युनियनचे पाठबळ असलेला माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचे कारण भीती नसते. न बोलण्यात एक सोय असते: ठरवताना आपण नव्हतो, म्हणून चुकल्यावर आपण दोषी नाही.

या सोयीची चटक किती खोल आहे ते पाहायचे असेल तर जिथे कायद्याने मत दिले आहे तिथे पाहा. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. पगारदार मध्यमवर्गाने थोडे थोडे भांडवल घालून उभ्या केलेल्या या संस्था म्हणजे सामुदायिक उद्दिष्ट तडीस नेल्याचा आपल्याच गावातला पुरावा आहे. सहकारात शेअर कितीही असोत, एका सभासदाला एक मत. आणि आज? सप्टेंबरात कुठल्याही पतसंस्थेच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बसा. अहवाल बंद पाकिटात मांडीवर असतो, विषय वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’ असा सूर लागतो, आणि पंधरा मिनिटांत पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक पार पडते. चर्चा रंगते ती भेटवस्तू म्हणून मिळणारी पिशवी यंदा लहान का, यावर. आजोबांनी मत मिळवले. नातवंडांनी ते पिशवीत घातले.

मग करायचे काय? वर्षाला फार तर तीन-चार उद्दिष्टे, साध्या मराठीत, प्रत्येकासमोर एक नाव आणि एक तारीख, आणि तो कागद शॉप फ्लोअरवर, केबिनमध्ये नाही. महिन्यातून एक तास, ठरलेल्या दिवशी, कामाच्या वेळेत. कामाची वेळ संपल्यावर घेतलेली बैठक ही सहभागाच्या नावाखाली केलेली चोरी आहे. त्या तासात सर्वांत ज्येष्ठ माणसाने सर्वांत शेवटी बोलावे. ही एक गोष्ट अवघड आहे. ज्यांना तीस वर्षे फक्त ‘हो साहेब’ ऐकायची सवय आहे, त्यांना पहिली चाळीस मिनिटे गप्प बसणे म्हणजे उपास वाटतो. पण मालकांनी आधी मत दिले की खोलीतली बाकीची मते त्याला चिकटतात, हे ज्याने एकही बैठक पाहिली आहे त्याला माहीत आहे. ‘कोणामुळे झाले?’ हा प्रश्न बैठकीत निषिद्ध असावा, ‘कशामुळे झाले?’ याचे उत्तर लेखी असावे. उद्दिष्ट अवास्तव होते असे ऑगस्टमध्ये लक्षात आले तर ते ऑगस्टमध्येच उघडपणे बदलावे आणि का बदलले ते त्याच कागदावर लिहावे. मार्चमध्ये गुपचूप विसरण्यापेक्षा यात लाज कमी आहे.

यातले काहीच नवे नाही, महागही नाही. नारळापेक्षा स्वस्तच पडेल. तरी ते होत नाही, कारण यात मालकाला चुकीचे ठरण्याची आणि कामगाराला जबाबदार ठरण्याची तयारी लागते, आणि दोघांनाही ती नको असते. म्हणून दोघे मिळून हात जोडतात.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना शेवटी एक आठवण. आपल्या कारखान्यात कोणती रसायने आहेत आणि त्यांचे धोके काय, हे जाणून घेणे आणि जिवाला धोका दिसताच तो व्यवस्थापनाच्या कानावर घालणे, हा कायद्याने तुम्हाला दिलेला हक्क आहे. कारखाना निरीक्षकालाही तुम्ही ते कळवू शकता. सोमवारी कामावर गेलात की एवढेच विचारा: सुरक्षा समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तिचे इतिवृत्त कुठे मिळेल? आणि मालकहो, तुमचा माणूस हा प्रश्न घेऊन केबिनच्या दाराशी यायच्या आधी बैठक बोलवा. त्यासाठी मुहूर्त पाहू नका.